दगडाला ठाऊक नसलेला पूर

१

"सर पडले. खाली आहेत. हलत नाहीत."

बुधवारी सकाळी सव्वाअकराला आलेला फोन एवढाच होता. आवाज इतका शांत, की कुणीतरी चेष्टा करतंय असं मला आधी वाटलं. कारण सर म्हणजे गुहेतले सर. मी शाळेत असताना ते आमच्याकडे आले होते. भिंतीवर पांढरी चादर लावून त्यांनी आम्हाला तो आंधळा मासा दाखवला होता. दुधासारखा पांढरा, डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. त्या माशाला शास्त्रज्ञांनी सरांचंच नाव दिलं आहे. जो माणूस तीस वर्षं त्या गुहेत स्वयंपाकघरात वावरावं तसा वावरला, तो तिथे पडेल कसा?

मी तपास अधिकारी आहे. माझे वडील विहिरी खणायचे, त्यामुळे दोर आणि खोल भोक या दोन गोष्टींची भीती मला वारशातच मिळाली. तरी त्या दिवशी हेल्मेट घालून मी आत गेले. बाहेर ऊन होतं आणि वीस पावलांवर थंडी. चुनखडीच्या भिंती ओल्या होत्या. छतातून दगडाच्या बारीक नळ्या लोंबत होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक थेंब लटकत होता. चाळीस मिनिटं चालल्यावर वाट दोन विहिरींशी संपते. एक उतरते वटवाघळांच्या दालनात, दुसरी तळ्याकडे. दोन्हींच्या मध्ये शंभर पावलांचं अंतर.

सर वटवाघळांच्या विहिरीत होते, साठ मीटर खाली. बचावपथकाने त्यांना दुपारी दोनला वर आणलं. पाठोपाठ दोराचे दोन तुकडे आले.

ते तुकडे हातात घेऊन बसलेला माणूस म्हणजे गाठ्या. बारा वर्षं सरांच्या मोहिमांचे दोर सांभाळणारा. डोळे बांधून चाळीस प्रकारच्या गाठी मारतो म्हणून हे नाव.

"मॅडम, हा कापलेला नाही," तो म्हणाला. "घासून झिजलेलाही नाही. हा मोडलाय."

"दोर मोडतो?"

"नाही मोडत. तेच तर म्हणतोय." त्याने तुटलेलं टोक चिमटीत धरलं. वाळक्या पानासारखा त्याचा चुरा झाला.

मग त्याने वरचं टोक हातात घेतलं, खडकातल्या कडीला बांधलेलं. सरांच्या दोराला दोन्ही टोकांना निळा रंग असायचा. इथे निळी चिकटपट्टी होती. गाठ्याने नखाने तिची कड उचलली आणि पट्टी सोलली. खाली पिवळा रंग होता.

"हा सरांचा दोरच नाही," तो म्हणाला. "हा खडूताईचा."

२

गुहेच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर होतं. एक लांबट खोली, तिच्या एका टोकाला स्वयंपाकाची जागा, दुसऱ्या टोकाला प्रयोगशाळा म्हणवणारं टेबल. सरांची खोली वेगळी. घरात चौघं राहत. सर, त्यांची मुलगी, गाठ्या आणि खडू.

सरांची मुलगी वटवाघळांचा अभ्यास करते. खडू ही सरांची विद्यार्थिनी, दगडांची तज्ज्ञ. सतत चुनखडी कापत असल्याने तिचे हात कायम पांढरे, म्हणून खडू. वय असेल तीसच्या आसपास.

मी दोराचं तुटलेलं टोक तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. दोर तिचा होता, हे मी अजून बोलले नव्हते.

तिने ते भिंगाखाली पाहिलं. पाहता पाहता तिच्या कपाळावर आठी आली. मग तिने काय केलं, तर कोपऱ्यातला एक चुनखडीचा तुकडा उचलला, त्याच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि दोराचं टोक त्या ओल्या जागी दाबून धरलं. आम्ही वाट पाहिली. दगडावर अगदी बारीक बुडबुडे उठले, सोड्याच्या बाटलीत उठतात तसे.

"चुनखडीवर अॅसिड पडलं की असा फेस येतो," ती म्हणाली. "नायलॉनला अॅसिड लागलं तर वरून काही कळत नाही. धुऊन वाळवला की दोर तसाच दिसतो. आतून मात्र संपलेला असतो."

"इथे एवढं जहाल अॅसिड कुठे असतं?"

ती उठून कपाटाशी गेली. आत काचेची एक बाटली होती. तिच्या कागदावर पेन्सिलीने रेघ मारलेली, आणि आतलं अॅसिड रेघेच्या दोन बोटं खाली.

"दर वेळी वापरलं की मी रेघ मारते," ती म्हणाली. "सोमवारची रेघ इथे आहे. त्यानंतर मी हात लावलेला नाही."

"कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे?"

"दोनच आहेत. एक सरांच्या गळ्यातल्या साखळीत."

"आणि दुसरी?"

तिने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

३

आमच्या धंद्यात एक सोय असते. दोर खडूचा, अॅसिड खडूचं, किल्ली खडूची. दुसरा कुणी अधिकारी असता तर संध्याकाळच्या आत कागद तयार झाले असते. पण जिच्याविरुद्ध तो पुरावा होता, तिनेच तो मला करून दाखवला होता. चोर आपणहून दिवा धरत नाही.

मी तिला बाहेरच्या पायरीवर बसवलं आणि विचारलं, "सोमवारी काय झालं?"

"सोमवारी? काहीच नाही. जेवताना मी सरांची थट्टा केली, एवढंच."

"कसली थट्टा?"

तिने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सर आणि त्यांचा जिवलग मित्र तळ्याच्या विहिरीत उतरले होते. आंधळा मासा तिथेच सापडला. पण अचानक भुयारात पूर आला, पाणी थेट वरच्या बोळापर्यंत चढलं, आणि मित्र वाहून गेला. सर कसेबसे वाचले. ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आम्हाला शाळेत सांगताना सरांचा गळा दाटून आला होता. त्यानंतर त्यांनी ती विहीर कायमची बंद केली. मित्राची समाधी आहे, म्हणायचे, तिथे कुणी पाय ठेवायचा नाही.

"मी त्या वरच्या बोळातला एक लहान लवणस्तंभ कापला," खडू म्हणाली. "थेंब थेंब पडून जमिनीतून वर वाढतो तो चुन्याचा खांब. झाडाच्या खोडासारखा दरवर्षी त्याच्यावर एक पातळ थर चढतो. पूर आला तर गाळ बसतो, आणि त्या वर्षाच्या थरात तपकिरी रेघ उमटते. मी थर मोजले. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा थर स्वच्छ पांढरा. आधीचे, नंतरचेही पांढरे. शेवटची रेघ सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची."

"मग तुम्ही सरांना काय म्हणालात?"

"म्हणाले, सर, तुमचा पूर दगडाला ठाऊकच नाही." ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. "मला वाटलं माझी मोजणी चुकली. सरांनाही तसंच वाटलं. ते हसले, आणि म्हणाले, दुसरा नमुना बघ. मी म्हटलं, तळ्याकाठचाच मिळाला तर बरं."

"मग?"

"मंगळवारी सकाळी ते म्हणाले, उद्या उतर तळ्याच्या विहिरीत." तिने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मी आनंदाने नाचले. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुणालाही परवानगी दिली नव्हती."

४

निळ्या चिकटपट्टीचं रीळ मला सरांच्या मुलीच्या टेबलावर मिळालं. वटवाघळांचे आवाज टिपायच्या यंत्रांवर खुणा करायला ती हीच पट्टी वापरायची. शेजारी पिवळीचंही रीळ होतं.

खडूने तळ्याच्या विहिरीवर बांधलेला दोर मी गाठ्याकडून मागवून घेतला. तिचं उतरणं राहूनच गेलं होतं. ती आणि गाठ्या गाठी तपासत असतानाच पलीकडून सरांच्या पडण्याचा आवाज आला होता. त्या दोराच्या टोकावर पिवळी पट्टी होती आणि तिच्याखाली निळा रंग.

सरांची मुलगी खिडकीशी बसली होती. रडून झालेलं होतं. मी दोन्ही पट्ट्या तिच्यासमोर ठेवल्या.

"दोर तुम्ही बदललेत?"

"हो," ती म्हणाली. तिने क्षणभरही विचार केला नाही, त्यावरून मला कळलं की दोर कशाने तुटला हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. "बाबांचा दोर जुना झाला होता. कडक झाला होता. यंदाचा नवा दोर त्यांनी खडूला दिला आणि स्वतः जुनाच घेऊन बसले. मी किती वेळा सांगितलं. ते म्हणायचे, माझा मला बरा. हट्टी होते. मग मंगळवारी संध्याकाळी मीच पिशव्यांतले दोर बदलले. त्यांना कळू नये म्हणून वरच्या टोकांना पट्ट्या लावल्या. खालची टोकं पिशवीच्या तळाशी बांधलेली असतात, ती कोण बघतं?"

"खडूला सांगितलं?"

"तिने लगेच हो म्हटलं असतं. पण तिच्या पोटात काही राहत नाही, बाबांना सांगून बसली असती." ती थांबली. "जुना होता, मॅडम, वाईट नव्हता. गाठ्यादादाने मंगळवारी सकाळीच सगळे दोर हातांखालून काढले होते. खडूला धोका असता तर मी असं केलंच नसतं."

मी दोन्ही पट्ट्या पुराव्याच्या पाकिटात भरल्या. तिची नजर पट्टीवरून माझ्या चेहऱ्यावर आली.

"त्या नव्या दोरात काही होतं का?" तिने विचारलं. "मग बाबांना मी मारलं का?"

५

मी गाडीत जाऊन बसले. विचार करायला मला बंद दार लागतं, पण काच उघडी लागते.

दोराला दोन वेगवेगळे हात लागले होते. एका हाताने अॅसिड लावलं, दुसऱ्याने दोर बदलला. हे दोन्ही हात एकाच माणसाचे असते तर? सरांना मारायचं असेल तर सरांचाच निळा दोर नासवायचा, मोकळं व्हायचं. पिवळा नासवून मग अदलाबदल करण्याचा द्राविडी प्राणायाम कशाला? म्हणजे अॅसिड लावणाऱ्याला अदलाबदलीचा पत्ता नव्हता. आणि पत्ता नव्हता, तर त्याला सर मारायचेच नव्हते.

त्याला खडू मारायची होती.

खडूने स्वतःच्याच दोराला अॅसिड लावलं असणार नाही. मुलीला माहीत असतं तर तिने तो दोर बापाच्या पिशवीत ठेवला नसता. उरला गाठ्या. तो मंगळवारी दुपारभर दिव्यांच्या बॅटऱ्या आणायला गावात होता. दुकानदाराने ते सांगितलं. किल्लीही त्याच्याकडे नव्हती.

पण मला आणखी एक गोष्ट छळत होती. मी गाठ्याला हाक मारली.

"दोर वरून किती अंतरावर मोडला?"

"मोजलंय. बरोबर नऊ मीटर."

"तिथे विहिरीत काय आहे?"

"काहीच नाही. वटवाघळांची विहीर घंटेसारखी आहे, वर अरुंद, खाली फाकलेली. दोर मोकळा लोंबतो. दगडाला शिवतसुद्धा नाही."

"आणि तळ्याच्या विहिरीत, नऊ मीटरवर?"

त्याने खांदे उडवले. "कुणाला माहीत? अठ्ठावीस वर्षांत आत कुणी गेलंच नाही. छापलेल्या नकाशात तर नुसती सरळ रेघ आहे."

आम्ही पुन्हा गुहेत गेलो. गाठ्याने एका दोरीला दर मीटरवर गाठ मारली, टोकाला दिवा बांधला आणि तो तळ्याच्या विहिरीत सोडला. मी पोटावर झोपून डोकं काठाबाहेर काढलं. आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा वडिलांना हाक मारायला काढलं होतं. भिंतीवरचे डोळे नसलेले फिकट नाकतोडे लांब मिशा हलवत दिव्याच्या वाटेतून सरकले. गाठ्या गाठी मोजत होता. सात. आठ.

दिवा खणकन आपटला आणि दोरी अडकली. खडकाची एक पातळ कड विहिरीत पुढे आलेली होती, सुरीच्या पात्यासारखी.

"नऊ," गाठ्या म्हणाला. आणि मग खूप हळू, "इथे तुटला असता तर मीच म्हटलं असतं, कडेवर घासला. कुणाला शंकाही आली नसती."

"ही कड कुणाला माहीत होती?"

गाठ्या दोरीला हिसके देऊन दिवा सोडवू लागला.

६

सरांच्या गळ्यातल्या साखळीत दुसरीही एक किल्ली होती. ती त्यांच्या टेबलाच्या खणाची निघाली. खणात एक जुनी, ओल लागून फुगलेली वही होती. पेन्सिलीने काढलेली तळ्याची विहीर, आणि बाजूला त्यांच्याच नेटक्या अक्षरात: नऊ मीटरवर धारदार कड. दोर घासतो. सांभाळून.

मला ती वही मिटवेना. भिंतीवरच्या फोटोत सर हसत होते, कडेवर चार वर्षांची मुलगी.

तरीही हे सगळं अनुमानच होतं. मेलेल्या मोठ्या माणसावर असा आरोप करायचा तर पाय घट्ट हवेत. तेव्हा गाठ्याला आठवलं. मुलीचं एक यंत्र वटवाघळांच्या दालनात, विहिरीच्या तळाशीच लावलेलं होतं. दिवसरात्र चालू असतं. बचावपथकाने ते वर आणून पेटीत टाकलं होतं, आणि ते ऐकायचं धाडस तिला झालं नव्हतं.

आम्ही दोघांनी ते माझ्या गाडीत ऐकलं.

आधी बराच वेळ नुसती वटवाघळांची कुजबुज. मग वरून लोखंडी कड्याचा घरंगळता आवाज. सर उतरत होते, कसलीतरी धून गुणगुणत.

"नेहमी गुणगुणतात," गाठ्या म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

गुणगुणणं जवळ आलं. मग मध्येच तुटलं.

"पिवळा?" सरांचा आवाज. थोडी शांतता. "हा माझा नाही."

पुढे काय ऐकू येईल असं मला वाटलं होतं? वैतागलेला एखादा शब्द, वर मारलेली हाक. तसं काहीच आलं नाही. लोखंडाची घाईघाईने खडखड झाली आणि धापा सुरू झाल्या. लांब, फाटलेल्या धापा, वर वर जाणाऱ्या. सहा मिनिटं. एकदाही हाक नाही. मग काटकी मोडावी तसा आवाज, आणि त्यानंतर हजारो पंख एकदम.

गाठ्याने यंत्र बंद केलं. "मला कळत नाही," तो म्हणाला. "दोराची पिशवी कमरेला लावूनच आम्ही उतरतो; ती रिकामी होत आली तेव्हा त्यांना तळाशी बांधलेलं पिवळं टोक दिसलं. म्हणजे जमीन आठ मीटरवर. अलगद उतरले असते तर पाय टेकले असते. चढताना तर दोराला हिसके बसतात. वर का चढले?"

"चुकून दुसऱ्याचा दोर आला तर तू काय करशील?"

"मी? शिवी देईन आणि उतरेन."

"घाबरशील?"

"का घाबरू? दोर तो दोर." आणि बोलता बोलता त्याचं तोंड उघडं राहिलं.

त्या दोराला घाबरायचं कारण एकाच माणसाला असू शकत होतं. साठ मीटर कातळापेक्षाही ते सहा मिनिटांचं मौन माझ्या छातीवर जड बसलं. हाक मारली असती तर का घाबरलात हे सांगावं लागलं असतं.

पण उतरले का नाहीत, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांना मी त्या लांब खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं. किल्ली, कड, वही, यंत्र. उगाच फिरवून सांगितलं नाही. अशा वेळी शब्द मऊ केले की जास्त लागतात.

खडू आपल्या पांढऱ्या हातांकडे बघत राहिली.

"बुधवारी सकाळी निघताना," ती म्हणाली, "ते मला म्हणाले, स्वेटर घाल. खाली गार असतं."

गाठ्या उठला, दारापर्यंत गेला आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला.

"दगडाने नुसतं पूर नव्हता म्हटलं," मुलगी म्हणाली. तिचा आवाज वेगळाच झाला होता, हिशेब न जुळणाऱ्या मुलासारखा. "त्यासाठी बाबा माणूस मारतील? पूर नव्हता तर नव्हता. काय फरक पडतो?"

"पूर नव्हता, तर तुमच्या बाबांचे मित्र वाहून गेले नाहीत," मी म्हटलं. "मग ते कुठे आहेत?"

तिने डोळे मिटले. खडू उठून तिच्या शेजारी बसली आणि तिने हात पुढे केला. मुलीने तो झटकन मागे सारला. मग म्हणाली, "मी दोर बदलला नसता तर तू मेली असतीस. मी बदलला म्हणून बाबा गेले. मला तुझ्याकडे बघताना नेमकं काय वाटायला हवं, तेच कळत नाही." आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. दार तिने आपटलं नाही. हलकेच लावून घेतलं.

८

नवव्या दिवशी गाठ्या आणि खडू तळ्याच्या विहिरीत उतरले. नवीन दोर, आणि नऊ मीटरवरच्या कडेवर जाड कातड्याची गादी. मुलगी माझ्या शेजारी काठावर बसली होती. आदल्या दिवशी तिनेच फोन करून सांगितलं होतं, मी येणार.

दोन तासांनी खालून गाठ्याचा आवाज आला. "सापडले."

मित्र विहिरीच्या पायथ्याशीच होते, पाठ भिंतीला टेकून, बूट काढून शेजारी नीट ठेवलेले. वाहून जायला तिथे पाणी कधी आलंच नव्हतं. मांडीजवळ पत्र्याचा एक डबा, झाकणाच्या फटीत मेणबत्तीचं मेण दाबून बंद केलेला. आत वही.

ती पहिल्यांदा मी वाचली. पहिल्या दिवशीची नोंद अशी: "पांढरा मासा. तीन पकडले. डोळे नाहीत. बाटली दोराला बांधून वर पाठवली. त्याला ओरडून सांगितलं, नाव तुझ्या वहिनीचं द्यायचं. त्यानंतर दोर वर गेला तो खाली आला नाही. अडकला असेल, सोडवतोय."

दुसऱ्या दिवशी: "मदत आणायला गेला असणार. एकट्याला मला ओढता येणार नाही." पुढे माशांची मापं, ते कसे वळतात, पाण्यात बोट बुडवलं की कसे जवळ येतात. तळ्याच्या पाण्याची पातळी रोज लिहिलेली, रोज तीच. अक्षर मोठं मोठं, वेडंवाकडं होत गेलेलं. अंधारात लिहिलेलं.

सर वर का चढले ते मला तेव्हा कळलं, असं मला वाटतं. तुटक्या दोरापेक्षाही, दोराशिवाय तळाशी उभं राहण्याची त्यांना जास्त भीती होती. तिथे काय होतं ते जगात त्यांना एकट्यालाच माहीत होतं.

वही मित्राच्या बायकोला द्यायची होती. ती शहरात राहते, शाळेचे गणवेश शिवते. सरांची मुलगी तिला मावशी म्हणते, लहानपणी तिच्याच मांडीवर वाढली. मुलगी म्हणाली, हे मीच सांगणार. मी फक्त सोबत गेले.

मावशीने मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि ऐकलं. मुलगी एकेक पान वाचत गेली. बाटली, दोर, मासे, पाणी. तिचा आवाज दोनदा तुटला, पण तिने वाचणं सोडलं नाही. अकराव्या दिवशी एकच ओळ होती:

"त्याला फार उशीर होतोय. त्याच्यावर काही बेतलं नसेल ना."

खोलीत कापडाचा वास होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"पुन्हा वाच," मावशी म्हणाली.

मुलीने पुन्हा वाचलं.

"म्हणजे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

"नाही, मावशी."

मावशीने मान हलवली. मग अर्धवट शिवलेली बाही हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, परत खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती कशाकडे तरी बघत होती, पण त्या खोलीतल्या कशाकडे नव्हे.

"दरवर्षी त्या दिवशी भाऊजी माझ्याकडे जेवायला यायचे," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं. त्यांना तिखट सोसत नाही म्हणून मी त्यांच्यासाठी वेगळं करायची."